चार इंचांचा बांध

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की माणसं आधी खिडक्या उघडून बघतात. मग नळ सोडतात, दारं ओढून बघतात, ओट्यावरून हात फिरवतात. एखादा जाणकार नाण्याने लादी वाजवूनही बघतो. पण लादी संपते आणि भिंत सुरू होते तिथे, खोलीभर फिरलेल्या त्या तीन-चार इंच उंचीच्या पट्टीकडे वाकून कुणी बघत नाही. स्कर्टिंग आहे ना? आहे. विषय तिथेच संपतो.

त्या घरात पुढची वीस वर्षं पाणी कसं वागणार, हे बरंचसं या पट्टीपाशी ठरतं, असं माझं मत आहे. आपण तिला शोभेची किनार समजतो आणि इंटिरिअरच्या गुळगुळीत फोटोंनी ती समजूत आणखी पक्की केली आहे. शेताला बांध घालतात तो पाणी कुठवर येऊ द्यायचं आणि कुठे अडवायचं हे ठरवायला. स्कर्टिंग हा घरातला बांध आहे. तो कसा घातला, कशाचा घातला आणि त्याच्या मागे काय आहे, यावर भिंतीचं आयुष्य अवलंबून असतं.

कारण आपलं घर ओलं होतं. रोज होतं. सकाळी केर, मागोमाग लादी पुसणं. सणावाराला बादलीभर पाणी ओतून खराट्याने धुणं. दिवाळीच्या आधी तर पलंग-कपाटं ओढून त्यांच्यामागचं वर्षाचं साचलेलं काढणं. पुसण्याचं फडकं कोपऱ्यात गेलं की भिंतीला लागतंच. आता काठीचा मॉप आला, पण तोही प्रत्येक फेरीत भिंतीवर आदळतो. वर्षातून तीनशेहून जास्त वेळा ओलं फडकं एकाच जागी लागलं, तर कुठला रंग टिकेल? फडक्याच्या पाण्यात फिनेल असतं, माती असते, स्वयंपाकघराच्या दाराशी तेलाचा अंश असतो. भिंतीच्या खालच्या चार बोटांत हे सगळं दररोज थोडं थोडं मुरतं. तिथे पाणी न पिणारं काहीतरी हवं.

हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मातीच्या घरात जमीन सारवताना शेणाचा हात भिंतीवर वीतभर चढवून घेतला जायचा. जमीन आणि भिंत यांच्या बेचक्यात भेग राहू द्यायची नाही, कारण तिथूनच मुंग्या येतात, उंदीर पोखरतात, पावसाळ्यात ओल आत शिरते. वर चुन्याची पांढरी भिंत आणि पायाशी गेरूचा तांबडा पट्टा, हे घाटावरच्या गावांमधलं ओळखीचं दृश्य. तो पट्टा देखणा होता यात शंका नाही. त्यामुळे केरसुणीचे फटकारे आणि पायांची धूळ पांढऱ्या भिंतीवर दिसत नसे, हाही त्याचा उपयोग होता. आणि मुख्य म्हणजे तो झिजण्यासाठीच असायचा. खालची माती ओलीने भुसभुशीत झाली की ती खरवडायची, नवा गिलावा द्यायचा, वरून सारवायचं, गेरू फिरवायचा. नुकसान होणार हे धरून चालायचं, ते खालच्या वीतभरात होऊ द्यायचं आणि दर सणाला भरून काढायचं. हे काम मुख्यतः बायकांचं होतं. घरबांधणीच्या पुस्तकात त्याची नोंद क्वचितच सापडते, पण भिंती उभ्या राहिल्या त्या या रतिबाच्या दुरुस्तीमुळे.

जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या घराला आता हौसेने खाली सिमेंटचा गिलावा देऊन तीन-चार फुटांपर्यंत टाइल्स लावतात, तेव्हा उलटंच होतं. जमिनीतली ओल भिंतीत केशाकर्षणाने चढते. विटेतली, मातीतली छिद्रं जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. मोकळ्या मातीच्या भिंतीतून ते वाटेत वाफ होऊन निघून जात असे. पृष्ठभाग सिमेंटने आणि टाइलने बंद केला की ते आतल्या आत अडकतं, टाइलच्या वर जिथे पहिली मोकळी जागा मिळेल तिथे बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. याला आपण लोणा लागला म्हणतो. पूर्वी गुडघ्याखाली असलेला लोणा टाइल लावल्यावर छातीपर्यंत चढलेला दिसतो. घरमालकाला वाटतं टाइल हलकी निघाली. टाइलमध्ये काहीच खोट नसते. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर, ज्याला साइटवर डीपीसी म्हणतात, तोच त्या घराला नसतो, आणि त्याचं काम स्कर्टिंगवर ढकललेलं असतं. स्कर्टिंग वरून सांडलेलं पाणी अडवते. जमिनीतून येणारं पाणी तिला अडवता येत नाही. हा फरक न कळल्यामुळे गावोगावची चांगली जुनी घरं आतून कुजत आहेत, आणि ते बघवत नाही.

शहरात दगडी आणि सिमेंटची जमीन आली तशी पायाची पट्टीही कडक झाली. शहाबादी फरशी असेल तर शहाबादीची, कडप्पा असेल तर काळ्या कडप्प्याची, पुढे कोट्याची. हे तिन्ही चुनखडीचेच दगड. म्हणून त्यांना अॅसिड सोसत नाही. तरीही काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मजूर सर्रास अॅसिड ओततात. जमिनीवरचं अॅसिड धुऊन जातं, पण स्कर्टिंगच्या सांध्यात शिरलेलं तिथेच बसून सिमेंट खात राहतं. लाल कोब्याच्या जमिनीला स्कर्टिंगही त्याच लाल कोब्याची, थापीने घोटून काढलेली, आणि कोपऱ्याला हलकी गोलाई. ती घोटाई साधलेले कारागीर आता शोधून काढावे लागतात.

मग सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या लाद्या आल्या. भारत टाइल्सचं काम सिधवा कुटुंबाने १९२२ साली सुरू केलं, ते स्वदेशीच्या प्रेरणेने. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. रंग, सिमेंट आणि संगमरवराची भुकटी साच्यात दाबून बसवतात आणि पाण्यात ठेवून पक्की करतात. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत अशी जमीन अजून दिसते. मधे नक्षी, कडेने पट्टा आणि भिंतीला चढलेली साधी एकरंगी स्कर्टिंग, असा तिचा थाट असे. नक्षी भिंतीपाशी एकदम तुटू नये म्हणून काठाचा पट्टा, आणि काठ भिंतीत बुडू नये म्हणून स्कर्टिंग. फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या काळातल्या इमारतींच्या जिन्यांमध्ये दगडी चिप्सच्या जमिनीतून वर वळलेली पट्टी पाहावी. पायरीगणिक ती वर चढत जाते आणि कुठेही तुटलेली वाटत नाही.

सत्तर ते नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रातला मध्यमवर्ग ज्या मोझॅकवर वाढला, त्याची स्कर्टिंग आठवून बघा. जमीन चकाकायची, स्कर्टिंग मात्र तशी कधी चकाकत नसे. त्याला कारण होतं. लाद्या बसल्यावर पॉलिशचं मोठं मशीन यायचं, पाणी सोडत, राखाडी रेंदा पसरवत दिवसभर घरघरायचं. हे मशीन भिंतीला टेकेपर्यंत जात नाही आणि उभ्या पट्टीवर तर मुळीच चालत नाही. त्यामुळे शेवटची काही इंच जमीन आणि पूर्ण स्कर्टिंग हाताने घासावी लागायची. एक माणूस भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसायचा, हातात कार्बोरंडमचा दगड घेऊन. आधी खरबरीत, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडचा हात. खोलीच्या चार भिंती म्हणजे चाळीसेक फूट. तो माणूस बसल्या बसल्या सरकत जायचा. ज्या घरातली मोझॅकची स्कर्टिंग अजून हाताला गुळगुळीत लागते, तिथे कुणाचे तरी दोन-तीन दिवस आणि बोटांची कातडी गेलेली असते.

आता जमाना व्हिट्रिफाइडचा आहे. बहुतेक लाद्या गुजरातेतल्या मोरबीहून येतात, बाराशे अंशांच्या आसपास भाजलेल्या, आणि पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषणाऱ्या. अडवण्याच्या दृष्टीने याहून चांगली पट्टी मिळणं कठीण. मग बिघडतं कुठे, हे बघायला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका दुरुस्तीच्या कामावर गेले होते. बैठकीची खोली मोकळी केलेली, जमीन आदल्या दिवशी बसून झालेली, आणि मिस्त्री एकटेच स्कर्टिंगला लागलेले. बीडकडचे, पन्नाशीचे. दोन बाय दोनच्या लादीवर त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या. चोवीस इंचांत चार-चार इंचांच्या सहा पट्ट्या.

"सहा म्हणायच्या ताई, पण पूर्ण चार इंच एकही भरत नाही. प्रत्येक काप दोन मिलिमीटर खातो," ते म्हणाले. "म्हणून सगळ्या सारख्या कमी करायच्या. एखादी मोठी, एखादी लहान झाली तर वरची रेघ वाकडी दिसते. आणि वरची रेघच सगळ्यांना दिसते."

सहा पट्ट्यांमधल्या दोनांनाच कारखान्याची सरळ कड मिळते, लादीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची. बाकी चारांच्या दोन्ही कडा कापलेल्या. ग्लेझ्ड लादीत नक्षी फक्त वरच्या पापुद्र्यावर छापलेली असते. कापली की आतली माती दिसते, आणि तिचा रंग वेगळा. म्हणून ती कड घासून, हलकी उतरती करून घ्यावी लागते. घाईचं काम असेल तर कुणी घासत नाही, पांढरं सिमेंट फिरवून वेळ मारून नेतात. सहा महिन्यांत ते सिमेंट काळं पडतं.

दहा बाय बाराच्या खोलीचा घेर चव्वेचाळीस फूट. दाराचे तीन वजा केले की एक्केचाळीस रनिंग फूट. एका लादीतून बारा फूट निघतात, म्हणजे साडेतीन लाद्या. माल इतका थोडा लागतो. मजुरी मात्र फुटावर वेगळी लावली जाते आणि घरमालक तिथेच घासाघीस करतो, कारण एवढीशी पट्टी लावायला काय लागतं, असं त्याला वाटतं. काय लागतं ते मी त्या दिवशी बघितलं. रंगवलेल्या गुळगुळीत गिलाव्यावर पट्टी धरत नाही, म्हणून आधी छिन्नीने टाचे मारून घ्यायचे. जमिनीवरच्या लादीचा सांधा आणि पट्टीचा सांधा एका रेषेत आणायचा. बाहेर आलेल्या कोपऱ्याला दोन्ही पट्ट्या मागून पंचेचाळीस अंशांत उतरवायच्या, आणि त्या उतरवताना टोकाची कपची उडाली की पट्टी वाया. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल, आणि ती बहुतेकदा नसतेच, तर मागचा मसाला कुठे जाड कुठे पातळ करत पुढची रेघ सरळ ठेवायची. "जमीन आपण लेव्हलला बसवतो. भिंत मिळेल तशी घ्यावी लागते. स्कर्टिंगला दोघींचं जुळवून आणायचं असतं," असं ते एक पट्टी लाकडी ठोकळ्याने ठोकत म्हणाले.

कटर कोरडाच चालवत होते. खोलीत पांढरा धुरळा दाटला होता आणि तोंडाला फक्त गमछा. या लाद्यांमध्ये क्वार्ट्झ असतं. त्याची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार धरली की धूळ बरीच बसते, पण आत खोलीत चिखल होतो म्हणून कुणी धरत नाही. घरमालकाने बाल्कनीत किंवा गच्चीत कापायची जागा करून दिली, पाण्याची बाटली आणि धड मास्क दिला, तर याला काही मोठा खर्च नाही. आपल्या घरातल्या कामाच्या मजुराच्या फुप्फुसाची जबाबदारी आपलीही आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्या पट्टीखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते, असायला हवी. जमिनीची लादी भिंतीला घट्ट भिडवायची नसते. चहूबाजूंनी पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवायची असते. लादी उष्णतेने किंचित वाढते, खालचा स्लॅब वर्षानुवर्षं किंचित आकसत राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीला कुठेतरी वाट हवी. ती ठेवली नाही, शिवाय लाद्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, तर एखाद्या थंडीच्या पहाटे मोठा आवाज होऊन मधल्या लाद्या तंबूसारख्या वर उठतात. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांनी हा अनुभव घेतला आहे आणि पुष्कळांनी तो भूकंप समजला आहे. काठाची फट स्कर्टिंगच्या जाडीखाली झाकली जाते, म्हणून ती ठेवायला काहीच हरकत नसते. पण ती सिमेंटने गच्च भरली तर ठेवून न ठेवल्यासारखीच. तिथे लवचीक सीलंट भरावं. लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीला तर आठ-दहा मिलिमीटर जागा लागते.

सध्या मोठा वाद आहे तो पट्टी भिंतीच्या बाहेर ठेवायची की भिंतीच्या पातळीत, म्हणजे फ्लश. बाहेर आलेल्या पट्टीच्या माथ्यावर धूळ बसते. कपाट भिंतीला पूर्ण टेकत नाही, मागे अर्धा-पाऊण इंच राहतो आणि त्या फटीत पेन, नाणी, औषधाच्या गोळ्या पडतात. फ्लश पट्टी दिसायला नीटस, पुसायला सोपी. मी फ्लशच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ती गिलाव्याच्या आधी ठरलेली असली पाहिजे. आतला गिलावा बारा ते पंधरा मिलिमीटर जाड. पट्टी आणि मागचा मसाला मिळून जवळपास तेवढंच. गिलावा खाली चार इंच सोडून थांबवला तरच पट्टी त्या पातळीत बसते. सगळं झाल्यावर भिंत खणून ती आत बसवायचा हट्ट धरला की विटा हादरतात, सुटलेला गिलावा वर वीतभर पोकळ होतो. उशिरा सुचलं असेल तर पट्टी बाहेर राहू द्यावी आणि तिच्या माथ्याला उतार द्यावा.

गिलावा खाली थांबवण्याचं याहून मोठं कारण म्हणजे जिप्सम. गेल्या काही वर्षांत नव्या टॉवरमध्ये आतून वाळू-सिमेंटऐवजी जिप्समचा गिलावा सर्रास होऊ लागला. गुळगुळीत येतो, पाणी मारत बसावं लागत नाही, काम लवकर उरकतं. पण जिप्सम पाणी पितो आणि ओला राहिला की मऊ पडतो. तो थेट जमिनीपर्यंत आणून त्यावर स्कर्टिंग चिकटवली, तर सांध्यातून शिरलेलं रोजचं पाणी त्याला मिळत राहतं. आधी पट्टीच्या वर पिवळट रेघ, मग फुगवटा, मग रंगाचे पोपडे. चांगल्या साइटवर जिप्सम जमिनीच्या काही इंच वर थांबवतात आणि खालचा भाग वाळू-सिमेंटने करतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हा नमुना फ्लॅटऐवजी काम चालू असलेल्या मजल्यावर जा आणि भिंतीचा पायथा बघा. तिथे राखाडी पट्टा दिसला तर बिल्डरकडे कुणीतरी विचार करणारा इंजिनिअर आहे.

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या नातेवाइकांच्या घरी गेलेल्यांनी तिथल्या उंच, पांढऱ्या, लाकडी बेसबोर्डांचे फोटो आणलेले असतात, आणि तसंच इथे करून द्या म्हणतात. तिथल्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या. तो बोर्ड मुद्दाम जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवतात, कारण जिप्सम ओला होऊ द्यायचा नाही हा नियम तिथेही आहे. ती अर्ध्या इंचाची फट झाकायला बेसबोर्ड. जमिनीवर गालिचा किंवा लाकूड, साफसफाई व्हॅक्यूमने. पाण्याची बादली त्या खोलीत कधीच येत नाही. थंड राज्यांत तर कित्येक घरांत याच जागी गरम पाण्याचे लांबट हीटर बसवलेले असतात. त्या घरासाठी ते अगदी योग्य आहे. तेच एमडीएफचे उंच पांढरे बोर्ड आपल्या रोज पुसल्या जाणाऱ्या लादीवर आणून ठोकले, की खालच्या कडेने पाणी पिऊन दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फुगतात. साधं लाकूड लावलं तर वाळवीला भिंतीच्या आडोशाने रस्ताच करून दिल्यासारखं होतं, कोकणात तर हमखास. ज्यांना तो देखावा हवाच आहे त्यांनी पीव्हीसी, डब्ल्यूपीसी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घ्यावी, खालच्या कडेला सीलंट भरावं आणि घरात फरशी धुण्याची सवय आहे की नाही हे आधी प्रामाणिकपणे ठरवावं.

पट्टी किती उंच? पूर्वी सहा इंच असायची, आता चार, कुठे तीन. लादी पुरवण्याचा हिशोब हे एक कारण. पण ज्या घरात बादली ओतून धुतात, जिथे बाळ रांगतंय, जिथे वॉकर किंवा व्हीलचेअर फिरते, तिथे सहा इंच असावी. व्हीलचेअरचं पाऊल ठेवायचं फळकूट चार इंचांच्या वर आदळतं आणि तिथला रंग आठवड्यात निघतो. तळमजल्यावर आणि पडवीतही सहा. उलट, फक्त झोपायच्या कोरड्या खोलीत तीन इंच चालून जातात.

हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणि औषध कारखान्यांच्या स्वच्छ खोल्यांमध्ये जमीन आणि भिंत यांच्यात कोपराच ठेवत नाहीत. जमीनच गोल वळून भिंतीवर चढते, म्हणजे जंतू लपायला बेचकं उरत नाही आणि फडकं एका हातात जमिनीवरून भिंतीवर जातं. आपल्याकडे गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून पॅरापेटच्या भिंतीपाशी वाटा मारतात, म्हणजे सांध्याला गोलाई देतात, त्याचंही तत्त्व हेच. काटकोनात पाणी थांबतं आणि तिथेच भेग पडते. गोलाईवरून ते घरंगळून पुढे जातं. लाल कोब्यातल्या गोलाईमागेही हेच ज्ञान होतं. टाइलच्या घाईत ते आपण सोडून दिलं. बाथरूमच्या उंबऱ्याजवळ आणि स्वयंपाकघरात तरी ती गोलाई परत यायला हवी.

सार्वजनिक इमारतींतली ही पट्टी बघताना मात्र जीव खट्टू होतो. सरकारी कार्यालयं, एसटी स्थानकं, दवाखाने इथे खालचे चार-पाच फूट गडद ऑइलपेंट फासलेला असतो, कारण भिंतीचा हा भाग घाण होणार हे गृहीतच आहे. जिन्याच्या वळणावर स्कर्टिंगच्या वर देवादिकांच्या आणि सर्व धर्मांच्या चिन्हांच्या टाइल्स बसवतात, कुणी पान खाऊन थुंकू नये म्हणून. त्या लावूनही शेजारचा कोपरा लाल असतोच. तो कोपरा घासणारी बाई रोज गुडघे टेकून त्या देवांच्या पायाशी बसते. तिच्यासाठी तरी तिथे निदान दोन फूट गुळगुळीत टाइल हवी. अनेक जुन्या इमारतींत खरबरीत गिलाव्यावरच थुंकी मुरते आणि ती घासून जात नाही.

आता घरातल्या गळतीकडे येते, कारण स्कर्टिंगचा एक उपयोग कुणी सांगत नाही. ती सर्वात आधी इशारा देते. वरच्या मजल्यांवर जमिनीची ओल येण्याचा प्रश्न नसतो. तिथे पट्टीच्या माथ्यावर पोपडे दिसले की भिंतीच्या पलीकडे बघायचं. बहुतेक वेळा तिथे बाथरूम असतं. त्याच्या खोलगट स्लॅबमध्ये पाणी साठतं, लादीखालच्या वाळूतून पसरतं आणि बेडरूमच्या स्कर्टिंगच्या सांध्यातून डोकं वर काढतं. बेडरूमची भिंत खरवडून पुट्टी-रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी बाथरूमचे सांधे, नहाणीची जाळी, पाइपची जोडणी तपासा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार कामातला दोष लेखी कळवल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. तक्रारीसोबत लावलेला फुगलेल्या स्कर्टिंगचा तारखेचा फोटो उपयोगी पडतो. जुन्या सोसायटीत आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून, पावसाच्या पाण्याने होणारी गळती सोसायटीने काढायची असते आणि संडास-मोरीमुळे आतून होणारी गळती संबंधित सभासदांनी. हे आधी माहीत असलं तर शेजाऱ्याशी बोलणं निदान भांडणाच्या सुरात सुरू होत नाही.

गळती काढताना पहिली तोडफोड होते ती याच पट्टीची. मोरबीच्या लाद्यांचं डिझाइन दोन-तीन वर्षांत बाजारातून नाहीसं होतं, आणि डिझाइन मिळालं तरी दुसऱ्या लॉटची छटा वेगळी येते. म्हणून काम संपताना उरलेल्या चार-पाच अखंड लाद्या कंत्राटदाराला परत देऊ नका. कंपनी, डिझाइनचा नंबर आणि लॉटचा नंबर असलेला खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांच्यासोबत ठेवा. माळ्यावर, पलंगाच्या कप्प्यात, कुठेही, पण उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की त्यावर सामान चढतं आणि कोपरे उडतात. एका लादीत बारा फूट. एका भिंतीची दुरुस्ती त्यात होते.